*डोक्यात हवा जाते तेव्हा अंगात काय होतं?*



या वेळचा अभ्यास गृहस्थाच्या पैशाचा आहे. घरातल्या तरुणांनाही वाचून दाखवा.

आपल्या इंदूरला सट्टा नवा नाही. सर सेठ हुकुमचंद यांचं नाव अफू-कापसाच्या सट्ट्यामुळेच देशभर झालं. आता तोच खेळ मोबाईलवर, जेवणाच्या ताटाशेजारी चालतो. सेबीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे 2 लाख रुपये! तरी हात थांबत नाही. आपण "लोभ" म्हणून मोकळे होतो, पण जरा शरीराकडेही बघू या.

केंब्रिजचे जॉन कोट्स आधी स्वतः वॉल स्ट्रीटवर सौदे करायचे. 2008 मध्ये त्यांनी आणि जो हर्बर्ट यांनी लंडनच्या 17 सौदेकरांची लाळ आठ दिवस, दिवसातून दोनदा तपासली. सकाळी ज्या दिवशी टेस्टोस्टेरॉन जास्त, त्या दिवशी नफाही जास्त. कोट्स यांचं म्हणणं असं, की जिंकल्यावर हे हार्मोन आणखी चढतं, आणि मग माणूस झेपणार नाही एवढी बोली लावतो. त्याला मात्र वाटतं, "मला बाजार कळलाय."

दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल, ताणाचं. ते तोट्याने वाढलेलं दिसलं नाही, अनिश्चिततेने वाढलं. बाजार जितका वर-खाली, तितकं ते जास्त. पुढे 2014 च्या प्रयोगात ते औषधाने आठ दिवस वाढवून ठेवलं, तर माणसं धोका घ्यायला कचरू लागली.

17 माणसं, तीही सगळी पुरुष, म्हणजे पुरावा लहान आहे. "हार्मोनने केलं" असं म्हणून कुणी सुटू नये.

तरी घरात एवढं करता येईल. मोठा फायदा झाला, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रक्कम वाढवायची नाही. वाढवायचीच असेल तर आधी घरातल्या एकाला आकडा सांगायचा, मग ती आई असो की बायको.

आणि मुलगा दिवसभर स्क्रीन बघून गप्प झाला असेल, तर ओरडू नका, नाहीतर पुढचा आकडा तो लपवेल. जेवण होऊ द्या. पण कर्ज काढलंय का, किती आणि कुणाकडून, हे त्याच रात्री विचारून घ्या.