गुडघ्याची गादी

पन्नाशी उलटली की पुष्कळांचे गुडघे दुखू लागतात. उठताना हात टेकावा लागतो. जिना उतरताना कळ येते. असे का होते, ते आपण पाहू.

हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. ही गुडघ्याची गादीच. तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही. पण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती झिजली की सहजी भरून येत नाही.

मग शेजारीपाजारी सांगतात, “बकऱ्याच्या पायांचा रस्सा प्या. पायाने पाय बरा होतो!” आम्ही म्हणतो, रस्सा आवडीने खुशाल प्यावा. पण तो थेट गुडघ्यात जात नाही. पोटात त्याचे बारीक कण होतात आणि शरीर ते लागेल तेथे वापरते.

कोणी महागड्या गोळ्या आणतात. त्यांतले ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून काढतात. कॉन्ड्रॉइटिन गाय, डुक्कर, शार्क मासा यांच्या कूर्चेपासून काढतात. शाकाहारी माणसाने हे आधी विचारून घ्यावे.

या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर पारख झाली. तिचा निकाल २००६ साली छापून आला. काहींना दोन्ही औषधे दिली. काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. औषधे घेणाऱ्या १०० पैकी ६७ जणांचे दुखणे कमी झाले. नुसती गोळी घेणाऱ्या १०० पैकी ६० जणांचेही झाले! एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. ज्यांचे दुखणे फार होते, त्यांना जास्त गुण दिसला; पण असे लोक थोडेच होते.

मग करावे काय? वजन जास्त असेल तर उतरवावे. १ किलो घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. रोज खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करा, जरा धरा, हळू खाली ठेवा. मांडीला बळ आले की गुडघ्याला आधार मिळतो. यास पैसा लागत नाही.

खेकडा-कोळंबी ज्यांना बाधते, किंवा रक्त पातळ होण्याचे औषध ज्यांना चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या गोळ्या घेऊ नयेत. सांधा लाल होऊन सुजला व ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि गोळ्यांच्या डबीसाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

प्रश्न
१. कूर्चेचे काम काय?
२. रस्सा थेट गुडघ्यात का जात नाही?
३. पैसा न लागणारे दोन उपाय लिहा.