रीड घासण्याआधी

बाळा, सॅक्सोफोनचा सूर किनरा लागला की तू पहिल्यांदा पॉलिश पेपर शोधतोस. तो आधी पेटीत ठेव. रीडचं घासून गेलेलं परत लावता येत नाही. ओल आणि जागा या दोन गोष्टी मात्र कितीही वेळा बदलता येतात, म्हणून सुरुवात तिथून करायची.

आपल्या गोराई गावाला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. जुलैत रीड फुगते, जानेवारीच्या सकाळी सुकून टोकाला लाटा येतात, वाळत घातलेल्या पापडाची कड वळते तशा. अशी रीड वाईट नसते, तहानलेली असते. वाटीभर स्वच्छ पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेव, मग काचेवर पालथी दाबून धर. टोक सरळ झालं की मगच वाजव. नुसत्या थुंकीवर भागवू नकोस. लाळेनं रीड लवकर मरते.

मग जागा बघ. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी जवळजवळ बरोबरीनं हवं, वर केसाएवढी काळी कड दिसली की पुरे. रीड जड वाटली तर केसभर खाली घे, फुसकी वाटली तर केसभर वर. रीड धरून ठेवणाऱ्या लिगेचरचे स्क्रू पिळून घट्ट करू नकोस, रीड हलणार नाही इतकेच आवळ. एवढ्यावर बहुतेक तक्रारी मिटतात, आणि ज्या मिटतात त्यांना पेपर लावणं हा गुन्हाच.

नंबराबद्दल बँडमध्ये फार फुशारकी चालते. तीन नंबरची रीड जाड आणि दोनची पातळ, असं पुष्कळ बँडवाले छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. एका प्रकारातल्या सगळ्या नंबरांची कापणी सारखीच असते. कारखान्यात रीड किती वाकते ते मोजून नंबर पडतो. रीड बनते ॲरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवतापासून, फ्रान्सच्या दक्षिणेला वार भागात त्याची लागवड होते, आणि त्याचा प्रत्येक दांडा वेगळा निपजतो. म्हणून एकाच डब्यातल्या दहा रीड दहा स्वभावांच्या. शिवाय रिको कंपनीची तीन आणि वँडोरेन कंपनीची तीन एक नव्हे. वँडोरेनची जास्त कडक लागते. ओठ दुखेपर्यंत कडक रीड वाजवण्यात कसली मर्दुमकी?

एवढं करूनही सूर अडखळला तर दोष कुठल्या बाजूला आहे ते शोध. वाद्य तोंडात थोडं फिरव, म्हणजे खालचा ओठ रीडची एक कड दाबेल आणि दुसरी मोकळी राहील. एकही बोट न लावता खुला सूर हळू फुंक. मग दुसरीकडे फिरवून तोच सूर. जी बाजू मोकळी असताना सूर घुसमटतो, ती बाजू जड. दिव्यासमोर धरलीस तर डोळ्यालाही दिसेल: मधला गडद भाग दोन्हीकडे सारखा उतरायला हवा.

आता पेपर. सहाशे नंबरचा वॉटर पेपर घे, त्याची छोटी पट्टी बोटावर धर. ओली रीड सपाट काचेवर ठेव आणि फक्त जड बाजूची कड, खांद्याकडून टोकाच्या अलीकडेपर्यंत, दोन-तीनदा हलक्या हातानं ओढ. फुंकून बघ. पुन्हा दोनदा, पुन्हा फुंक. मधल्या गडद भागाला हात लावू नकोस. तो पातळ झाला की सुराचं अंग जातं आणि सॅक्सोफोन पिपाणीसारखा बोलतो. टोकाचे कोपरे तर सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

सूर चिरका येत असेल तर रीडची पाठ तपास. माउथपीसला रीड लाव, खालचं भोक तळव्यानं बंद कर आणि टोकाकडून हवा ओढून घे. रीड क्षणभर चिकटून मग फट् करून सुटली तर ठीक. लगेच सुटली तर रीडची पाठ फुगली आहे किंवा माउथपीसमध्येच खोट आहे. काचेवर वॉटर पेपर पसर आणि पाठ रेषांच्या दिशेनं घास. बोट जाड भागावर ठेव, टोकावर दाब नको.

मऊ पडलेल्या जुन्या रीडचं टोक ट्रिमरनं केसभर कापलं की ती काही दिवस परत उभी राहते. पण उसना जीव तो, लग्नाच्या वरातीत त्यावर भिस्त नको.

लग्नात उंबराच्या पाण्याला बँड विहिरीपर्यंत चालत जातो तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये वाऱ्यानं रीड सुकते. माउथपीसवर टोपी घाल. पावसाळ्यातल्या वाजवणीला कॅनडाच्या लेजेरची प्लॅस्टिकची रीड वाईट नाही. भिजवावी लागत नाही, वाकडी होत नाही. महाग आहे, आणि सूर मला थोडा कोरडा वाटतो, पण भर पावसात तेवढं चालतं.

वाजवून झालं की रीड माउथपीसवर सोडू नकोस. जाड भागाकडून टोकाकडे अंगठ्यानं पुसून सपाट ठेव, हवा लागू दे. काळे बुरशीचे ठिपके आले तर फेकून दे. ती तोंडात घालायची वस्तू आहे. चार रीड आळीपाळीनं वाजव. नवी रीड पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटंच, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त.

६ जानेवारीला तीन राजांचा सण, आणि नाताळापासून उपासकाळ लागेपर्यंत लग्नांची दाटी. म्हणून नवा डबा नोव्हेंबरातच उघड.