विद्येचे ऋण फेडणाऱ्या भगिनी

विद्यार्थिमित्रांनो, शेवटची परीक्षा संपली आणि प्रमाणपत्र हाती पडले, की शाळेशी असलेला आपला संबंध सुटला, असे पुष्कळांना वाटते. फार तर स्नेहसंमेलनास यावे, जुन्या आठवणी काढाव्यात आणि घरी जावे, एवढेच माजी विद्यार्थ्याचे कर्तव्य! परंतु शिक्षण पुरे झाल्यावरच ज्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला, अशा काही स्त्रियांची हकीकत मी आज सांगणार आहे. या स्त्रिया अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातील होत.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. परंतु माणसाच्या मनातून ती इतक्या लवकर गेली नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, आगगाडीचे डबे निराळे, पाण्याचे नळसुद्धा निराळे. अशा काळात, १८६७ साली, वॉशिंग्टन शहरी हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले आणि कृष्णवर्णीय मुलामुलींना उच्च शिक्षणाचे एक दार उघडले.

तिकडील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची मंडळे असतात. मुलींच्या अशा मंडळास ‘सोरॉरिटी’ म्हणतात. ‘सोरॉर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ बहीण; म्हणून आपण त्यास भगिनीमंडळ म्हणू. १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने हॉवर्डमधील नऊ तरुणींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ हे मंडळ स्थापन केले. कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांनी काढलेले हे पहिलेच भगिनीमंडळ. १९१३ साली त्याची रीतसर नोंदणी झाली आणि अन्य ठिकाणी शाखा निघू लागल्या.

या मंडळाचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. ते जन्मभराचे असते. शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर होऊन निरनिराळ्या गावी गेलेल्या भगिनी तेथे एकत्र येऊन पदवीधरांची शाखा चालवितात. विद्यार्थिदशेत जडलेली मैत्री अशा रीतीने समाजाच्या उपयोगी पडते. ती कशी पडली, याचे एक ठळक उदाहरण पाहू.

१९३३ साली आयडा जॅक्सन या मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. त्यांचा जन्म दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात व्हिक्सबर्ग येथे झाला होता. पुढे त्या कॅलिफोर्नियात शिकल्या आणि ऑकलंड शहराच्या सरकारी शाळांतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या. आपल्या जन्मप्रांतातील खेड्यांत मुले कशी शिकतात हे त्यांस ठाऊक होते. म्हणून १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी मिसिसिपीतील लेक्सिंग्टन गावी ग्रामीण शिक्षकांसाठी वर्ग उघडला. परंतु तेथे त्यांना दिसून आले, की शिकवावयाचे तर आधी माणसे जगवावयास हवीत! मुले तापाने खंगलेली, दात किडलेले, देवी व घटसर्प या रोगांपासून संरक्षण नाही. ज्याच्या अंगात उभे राहण्याचे त्राण नाही, त्याच्या हाती पुस्तक देऊन काय होणार?

जॅक्सनबाईंचा मोठेपणा असा, की आपली योजना अपुरी आहे हे त्यांनी मोकळेपणाने ओळखले. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, मंडळाने तेथे आरोग्यकार्य सुरू केले. त्याचे नेतृत्व डॉ. डोरोथी फेरेबी यांच्याकडे होते. डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका असलेल्या भगिनी आपली सुट्टी खर्ची घालून, वेतन न घेता निघाल्या. आपल्या मोटारी घेऊन त्यांनी वॉशिंग्टनपासून मिसिसिपीपर्यंतचा लांबचा पल्ला गाठला. वाटेतील बहुतेक उपाहारगृहांची व विश्रामगृहांची दारे त्यांच्या वर्णामुळे त्यांना बंद होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवासाची कल्पना येईल.

खरी अडचण पुढेच होती. कापसाच्या मळ्यांवर राबणारी कुटुंबे जमीनदाराच्या जमिनीवर, त्याच्याच कर्जात राहत. आपल्या गोव्यातील भाटकार व मुंडकार यांचे जुने नाते ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना ही स्थिती समजावून सांगावयास नको. या शिकलेल्या बाया आपल्या मजुरांना चिथावतील, अशी मळेवाल्यांना धास्ती वाटली. त्यांनी मजुरांना दवाखान्यात जाऊ दिले नाही. मग भगिनींनी काय केले? रोगी दवाखान्यापर्यंत येत नाहीत, तर दवाखानाच रोग्यांपर्यंत न्यावयाचा! मोटारींत औषधे व लशी भरून त्या मळ्यांवर गेल्या. मळेवाल्यांचे हत्यारबंद घोडेस्वार जवळ उभे राहून त्यांचे बोलणे ऐकत असत. आणि त्यांच्या देखतच मुलांना लशी टोचल्या जात.

केवळ टोचण्यावर हे काम थांबले नाही. दात कसे घासावेत, पाणी कसे स्वच्छ ठेवावे, काय खावे, याचे पाठही भगिनींनी दिले. तेथील गरिबांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेले चरबीयुक्त मांस आणि काकवी. अशा निकृष्ट आहाराने पेलाग्रा नावाचा रोग होतो. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही तो आढळलेला आहे. औषधाइतकेच आहाराचे ज्ञान का महत्त्वाचे, हे यावरून कळून येईल.

पुढे बोलिव्हर काउंटी या भागातही हे काम झाले. महायुद्धामुळे पेट्रोल व टायर यांवर नियंत्रणे आली, तेव्हा १९४२ नंतर ते बंद पडले. तोवर सुमारे १५,००० मुलांना देवी व घटसर्प यांविरुद्ध लस टोचण्यात आली होती.

उन्हाळ्यातील काही आठवड्यांच्या सेवेने तेथील दारिद्र्य हटले नाही, हेही खरे. कर्ज राहिले, मळेवाला राहिला. अन्यायाचे मूळ कायद्यात असेल तर केवळ औषध पुरत नाही. ही जाणीव मंडळासही होती. १९३८ साली नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने मंडळाने वॉशिंग्टन येथे नागरी हक्कांसाठी कायदेमंडळाकडे दाद मागणारी समितीही उभारली. एका हाताने जखम बांधावी आणि दुसऱ्या हाताने जखम करणारा काटा उपटावा, तसे हे झाले.

आजही अशा मंडळांच्या पदवीधर शाखा शिष्यवृत्त्या देतात, आरोग्याची कामे करतात, मतदारांची नावे नोंदवितात. २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदी असलेल्या कमला हॅरिस याच अल्फा कप्पा अल्फा मंडळाच्या सदस्या होत.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण यंदा शाळेचा निरोप घेतील. आपण जे शिकलो, त्यासाठी कोणाच्या तरी घामाचा पैसा खर्च झाला आहे, हे विसरू नका. लेक्सिंग्टनला गेलेल्या भगिनींनी आधी विचारले, ‘येथे कशाची उणीव आहे?’ आणि मग आपल्यापाशी जे होते ते दिले. आपल्या गावातही हा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर ऐकण्याची तयारी मात्र हवी.