दहावीनंतरचा कोर्स: आधी प्रमाणपत्र कोणाचं ते विचारा

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या चौकाचौकांत कोर्सचे फलक लागतात. ‘शासनमान्य’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. हातात मार्कशीट घेऊन गावाकडून आलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. अशाच एका फलकापायी माझी दोन वर्षं आणि घरच्यांचे कष्टाचे पैसे गेले.

मी निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातला. शेतातली मोटर जळाली की ती रिवायंडिंगवाल्याकडे न्यायची आणि त्याचं काम बघत तिथंच बसायचं, ही लहानपणापासूनची आवड. त्यामुळे दहावीनंतर वीजकामच शिकायचं ठरलं. शहरातल्या एका खासगी संस्थेत दोन वर्षांच्या इलेक्ट्रिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला. द्राक्षाचे पैसे हातात आले की वडील फीचा हप्ता भरायचे. शिकवणारे सर मनापासून शिकवत, घरगुती वायरिंग मला तिथंच जमायला लागलं. पण अख्ख्या वर्गाला मिळून एकच पॅनल बोर्ड होता आणि थ्री फेज मोटर आम्ही फळ्यावरच पाहिली.

खरा धक्का बसला तो अंबडच्या एका कारखान्यात अप्रेंटिसशिपसाठी गेलो तेव्हा. कागदपत्रं तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, “एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट कुठंय?” माझ्याकडच्या प्रमाणपत्रावर फक्त संस्थेचाच शिक्का होता. “हे चालणार नाही,” एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. संस्थेत जाऊन जाब विचारला, तर भिंतीवरची चौकट दाखवली. चौकटीतलं प्रमाणपत्र संस्थेच्या नोंदणीचं होतं, कोर्सच्या मान्यतेचं नव्हे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला, तर शेवटचा हप्ता भरल्याशिवाय मिळणार नाही म्हणाले. तो हप्ता भरूनच दाखला सोडवावा लागला.

पुढच्या हंगामात आयटीआयला अर्ज केला आणि वीजतंत्री हा ट्रेड घेतला. वर्गातली बाकीची मुलं माझ्याहून लहान होती, पण तिथं वयाची वरची अट नाही. तो कोर्स, मग अप्रेंटिसशिप आणि आज अंबडमध्येच मेंटेनन्सची नोकरी, असा माझा रस्ता झाला. तो दोन वर्षं आधीच सुरू होऊ शकला असता. म्हणून प्रवेश घेण्याआधी पुढच्या गोष्टी नीट तपासा.

पहिली गोष्ट, मान्यतेची. संस्था नोंदणी, दुकाने कायद्याखालची नोंदणी आणि आयएसओ, यांपैकी कशानेही कोर्सला मान्यता मिळत नाही. आयएसओ संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीपुरतं असतं. “प्रमाणपत्र कोण देणार?” असा थेट प्रश्न विचारा आणि आधीच्या तुकडीतल्या एखाद्या मुलाचं प्रमाणपत्र बघायला मागा. आयटीआयमध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, त्यालाच बोलण्यात एनसीव्हीटीचं म्हणतात. तिथंही एक खबरदारी घ्या. संलग्नता ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय मिळते, त्यामुळे तुमच्या ट्रेडच्या तुकडीला ती आहे का, हे विचारून घ्या. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत संस्था आणि ट्रेड दिसतात का, हेही पाहा. राज्याच्या कौशल्य मंडळाचे कोर्सही असतात. ते खरे असले तरी त्यांचं प्रमाणपत्र आणि आयटीआयचं प्रमाणपत्र एक नव्हे.

दुसरी गोष्ट, पुढच्या वाटांची. नाशिकसारख्या शहरात ही फार महत्त्वाची आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेतात. नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांत तंत्रज्ञांच्या जागांना आयटीआय लागतो. महावितरणच्या जाहिरातीत वीजतंत्री किंवा तारतंत्री असं स्पष्ट लिहिलेलं असतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय कोर्स पूर्ण करणाऱ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी असते. प्रमाणपत्राला मान्यता नसेल तर हे सगळे दरवाजे बंद, मग हातात कितीही कसब असो.

तिसरी गोष्ट, वर्कशॉपची. ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, आत जाऊन यंत्रं बघा. जोडारी, कातारी, संधाता, यंत्र कारागीर, ट्रेड कोणताही असो, मुलं प्रत्यक्ष काम करताना दिसली पाहिजेत. लेथवर धूळ साचली असेल तर तिथून निघा.

चौथी गोष्ट, पैशांची आणि कागदांची. फीची प्रत्येक पावती घ्या. मूळ दाखला जमा करावाच लागला तर त्याची पोच घ्या. नोकरीच्या हमीचं तोंडी बोलणं सोडून द्या. गेल्या वर्षीची मुलं कोणत्या कारखान्यात लागली ते विचारा आणि त्यांच्यापैकी कोणाशी तरी स्वतः बोला.

व्यवसाय शिक्षणासाठी दहावीपर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्यातल्या अनेक शाळांत नववी-दहावीला मल्टी स्किल, ऑटोमोबाईल, रिटेल असे व्यावसायिक विषय घेता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शालेय वयातच व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी यावर भर दिला आहे. तुमच्या शाळेत असा विषय असेल तर घ्या. हाताला काय रुचतं, हे त्यातून वेळेवर कळतं. मुलींनाही यात मागे ठेवू नका. आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत आणि त्या फक्त शिवणकामापुरत्या नाहीत.

आईवडिलांना एकच विनंती आहे. आयटीआयला जाणारं पोर नापास झालेलं किंवा कमी डोक्याचं असतं, हा समज मनातून काढा. आयटीआयविषयीच्या या कमीपणापायीच ‘डिप्लोमा’ असं झकपक नाव लावलेल्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. सातपूरच्या शासकीय आयटीआयची फी आमच्यासारख्या घरांना सहज झेपते, प्रमाणपत्र देशभर चालतं आणि शिकलेलं काम आयुष्यभर पुरतं. निकालानंतर घाईने कुठेही पैसे भरू नका. आधी तिथं जाऊन चौकशी करा, मगच निर्णय घ्या.