जवाच्या भाकरी आणि उरलेले तुकडे



प्रभू येशूने पाच हजार लोकांना जेवू घातले, तो प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. चारही शुभवर्तमानांत तो आला आहे. पण त्यातील दोन बारीक गोष्टी फक्त संत योहानाने (अध्याय ६) नोंदवून ठेवल्या आहेत. पहिली, त्या मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्या होत्या. दुसरी, सगळे पोटभर जेवल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून.

जव हे त्या काळी गोरगरिबांचे धान्य होते. ज्याला परवडे तो गहू खाई. म्हणजे प्रभूने हाती घेतली ती आपल्या भाषेत सांगायचे तर ज्वारीची भाकर. आणि ज्याच्या शब्दाने हजारो भाकरी झाल्या, त्याला खाली पडलेल्या तुकड्यांचीही काळजी होती.

हे सगळे आम्हाला आठवले ते आपल्याच आवारात. मागच्या सणाला मिस्सानंतर सामुदायिक जेवण झाले. जेवण उत्तम होते. सोमवारी सकाळी आम्ही चार-पाच जण आवार झाडायला गेलो, तेव्हा कुंपणाकडेला चकचकीत पत्रावळींचा ढीग होता आणि पत्रावळींत अर्धा-अर्धा भात तसाच पडलेला होता. दोन गाई त्यात तोंड घालून अन्नाबरोबर प्लास्टिकही ओढत होत्या. त्या दिवशी आम्ही तुकडे गोळा केले खरे, पण ते टोपलीत ठेवण्यासारखे नव्हते. दोष कोणा एकाचा नाही. वाढणारेही आम्हीच होतो आणि टाकणारेही आम्हीच.

म्हणून या रविवारी जेवणाबद्दल, ताटात काय यावे आणि ताटातून काय कुठे जावे, याबद्दल लिहायचे ठरवले.

ज्वारी कुठे गेली?

आपल्यातील वयस्क मंडळींना आठवत असेल, आपल्या भागात घरोघरी सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर होई. पोळी पाहुणे आले तर. कण्या, आंबील, लाह्या, हुरडा, सारे त्याच एका धान्याचे. कडबा बैलांना जाई. आज तळेगावच्या आसपास वावरात नजर टाकली तर सोयाबीन, पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याच्या बागा दिसतात. ज्वारी शोधावी लागते.

शेतकऱ्याला यात बोल लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते आणि रोख पैसा देते. ज्वारीवर पाखरे बसतात, रानडुकरे आणि रोही रात्रीतून उभे पीक आडवे करतात. कापणीला, कणसे खुडायला माणसे मिळत नाहीत. त्यात रेशनला मुख्यतः गहू-तांदूळ मिळत आले. ज्वारी ताटातून गेली ती अशी एकेका कारणाने.

पण गेली त्याचे मोल आपण मोजले नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा, म्हणजे तंतुमय भाग असतो. पॉलिश केलेल्या तांदळात तो तीन ग्रॅमही नसतो. लोहाच्या बाबतीतही ज्वारी अशा तांदळाच्या कितीतरी पुढे आहे. चोथ्यामुळे पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही. मात्र भाकर म्हणजे औषध नव्हे. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी भाकरही मोजूनच खावी आणि डॉक्टरांच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे असे रंगीत पुड्यांतले पदार्थ दुकानांत आले. आमचे मत विचाराल तर त्या पुड्यांपेक्षा तव्यावरची भाकर बरी. पुडीवर बारीक अक्षरात साखर आणि तेल किती आहे ते एकदा वाचून पाहा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस भाकर करावी. ज्यांना शेत आहे त्यांनी घराजवळच्या तुकड्यात घरापुरत्या चार ओळी पेराव्यात. ज्यांना नाही त्यांनी तीन-चार कुटुंबे मिळून हंगामात पोते घ्यावे.

आपल्याच जिल्ह्यातील एक ख्रिस्ती माणूस

हा विचार नवा नाही, आणि बाहेरूनही आलेला नाही. वर्धा येथील मगनवाडीत १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचा कारभार ज्यांनी वाहिला ते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. १८९२ साली तंजावरला एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचे आणि अमेरिकेत अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. ते कॅथोलिक नव्हते, पण शुभवर्तमान त्यांनी केवळ देवळात ऐकले नाही. ते जात्यापर्यंत, घाणीपर्यंत नेले.

मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, बैलघाणीचे तेल, गूळ, मधमाश्या, हातकागद, साबण अशी कामे चालत. तांदूळ गिरणीत पॉलिश होतो तेव्हा त्यावरचा पौष्टिक कोंडा निघून जातो, हे तेथील लोक त्या काळी सांगत होते. आहाराचे प्रयोगही होत. गंमत अशी की १९३५ च्या सुमारास गांधीजींनी मगनवाडीत सोयाबीन शिजवून खाण्याचा प्रयोगही केला होता. आज आपल्या वावरात तेच सोयाबीन आहे, पण आपल्या ताटात नाही. तेल गाळायला जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात.

स्वातंत्र्यलढ्यात कारावास झाला तेव्हा कुमारप्पांनी तुरुंगात दोन पुस्तके लिहिली. दोन्ही १९४५ साली प्रसिद्ध झाली. एक प्रभू येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर, दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दुसऱ्या पुस्तकातील एक विचार आपल्या बागायतदारांना चटकन पटेल. माकड बाग लावत नाही, पाणी देत नाही, फक्त फळ ओरबाडते. मधमाशीही फुलातून घेते, पण घेताना परागकण वाहून झाडाला फळ धरायला मदत करते. आणि आई पिलांना भरवते, त्याचा मोबदला मागत नाही. माणसाने निसर्गाशी यातले कोणते नाते ठेवावे, असा त्यांचा प्रश्न होता. १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय वर्ध्यात आहे. धर्मशिक्षणाच्या मुलांची सहल तेथे काढता येईल.

तुकडे कोणाच्या वाट्याला?

आईचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या बहुतेक घरांत आधी पुरुष, मग मुले, म्हातारी माणसे आणि शेवटी घरातील बाई जेवते. भाजी संपलेली असते. ती तिखट-मीठ लावून भाकर खाते आणि सकाळचा उरलेला भात ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! शेतात निंदण करून आलेली, चक्कर येते म्हणून भिंतीला टेकणारी आपली बहीण या आकड्यात आहे.

त्या शुभवर्तमानातील क्रम पुन्हा पाहा. तुकडे गोळा केले ते सगळे तृप्त झाल्यानंतर. कोणा एकाला तुकड्यांवर ठेवून इतरांना तृप्त केले, असे तेथे नाही. म्हणून आमची पहिली सूचना पदार्थाची नाही, बसण्याची आहे: संध्याकाळचे जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे, आणि भाजी-वरण आधीच सर्वांच्या वाट्याचे वाढावे.

दुसरी सूचना रक्तवाढीची. पालेभाजी, डाळ, ज्वारी यांतले लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी त्याच जेवणात आंबट फळ हवे. अर्धे लिंबू पिळा, किंवा आपल्याकडे तर संत्री आहेत! मोठी संत्री बाजारात जातात, लहान आणि डाग पडलेली बांधावर सडतात. ती घरात आणावीत, जेवणासोबत चोखून नव्हे तर पाकळीसकट खावीत. रस काढला की चोथा गेला. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह शोषू देत नाही. तास-दीड तासाने घ्यावा. चक्कर, धाप, फिकटपणा असेल तर मात्र आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासावे. घरगुती उपायांवर थांबू नये.

पावसाळ्यात तरोटा, चिवळ, पाथरी, अंबाडी या भाज्या जवळपास फुकट मिळतात. फक्त तणनाशक किंवा फवारा मारलेल्या वावरातील भाजी खुडू नये. जवसाची चटणी तर आपली जुनीच. जवस भाजून कुटूनच खावे. अख्खा दाणा पचनाविना निघून जातो. चटणी थोडी-थोडी करावी, जुनी झाली की खवट होते.

मिठाबद्दल जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ यात धरायचे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा-पुन्हा तापवू नये. हमरस्त्यावरच्या गावाला वेगळे सांगायला नको, पण काळ्या तेलातील समोसा घरच्या मुलांना देताना एकदा कढईत डोकावून पाहावे.

ताटातून मातीकडे

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे, हा त्याचा विषय. त्यात मोठ्या देशांना खडे बोल आहेत, पण अगदी साध्या गोष्टीही आहेत: लागेल तेवढेच रांधावे, प्लास्टिक टाळावे, पाणी जपून वापरावे, कचरा वेगळा ठेवावा. अन्न फेकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे, असे ते निःसंकोच म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक घराघरांतून. म्हणजे हे काम हॉटेलवाल्यांवर ढकलून चालणार नाही.

काटकसर म्हणजे आंबलेले खाणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा भात रात्रीपर्यंत बाहेर राहिला तर तो खाऊच नये. मुलांना जुलाब होतात. उपाय एकच, पातेल्यात तांदूळ मोजून टाकावा. मुळ्याचा पाला, फुलकोबीची कोवळी पाने, सांबाराच्या काड्या, दोडक्याच्या शिरा हे सगळे खाण्याचे आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी ज्याने खाल्ली नाही त्याने जरूर करून पाहावी. शिळी भाकर कुस्करून कांद्यावर फोडणी दिली की मुले मागून खातात.

खरोखर उरते ते, म्हणजे साली, देठ, चहाचा चोथा, खतात जावे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ ही खताची पद्धत दिली; नाव त्यांच्याच नावाच्या अद्याक्षरांवरून पडले. विटांचे टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके ठेवलेली. त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि चाळलेली माती असे थर द्यायचे, ओल टिकवायची आणि वरून लिंपायचे. तीन ते चार महिन्यांत खत तयार. शंभर किलोच्या आसपास शेण पुरते आणि जवळपास तीन टन खत मिळते, म्हणूनच ज्याच्याकडे एकच गाय आहे त्यालाही ते जमते. सोयाबीनचे कुटार, तुरीचा पाला यात घालता येतो. धुरे आणि काडीकचरा पेटवण्याची गरज राहत नाही. घरापुरते करायचे असेल तर फुटका माठ किंवा भोके पाडलेला जुना पिंपही चालतो. भांडी-भाजी धुतलेले पाणी परसातील केळीला, शेवग्याला द्यावे.

राहिला प्रश्न सणाच्या जेवणाचा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पत्रावळींवर बंदी आहे. तरी त्या मिळतात आणि आपण घेतो. आपल्या भागात पळस काही कमी नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्या आजी-आजोबांच्या लग्नांत होतेच. उष्ट्यासकट त्या थेट खताच्या टाक्यात जातात. लावणाऱ्या बायांना चार पैसेही मिळतील. ज्यांना हेही नको त्यांनी घरून आपले ताट-पेला घेऊन यावे. यात लाज कसली? वाढपी मंडळींनी एकदम डाव भरून न वाढता दोनदा विचारून वाढावे, आणि मुलांच्या ताटात मोठ्यांचा घास ओतू नये.

त्याच विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर प्रार्थना करण्याची जुनी रीत पुन्हा सुरू करा, असे सुचवले आहे. ज्यांच्या कष्टाने अन्न आले त्यांचेही त्या वेळी स्मरण व्हावे. आपल्या घरी ही प्रार्थना बहुतेक आजी सांगते आणि बाकीचे ताटावर बसून वाट पाहतात. या आठवड्यात ती मुलांनी सांगावी. सोबत त्या दिवशीची भाजी कोणाच्या वावरातली, भाकर कोणी थापली, ते नाव घेऊन म्हणावे. आणि भाकर थापणारी तोवर ताटावर येऊन बसली आहे ना, हे पाहूनच सुरुवात करावी.