डेव्हिड शेफर्ड

तरुणपणी शेफर्ड यांना केनियात वन्यप्राणिरक्षक व्हावयाचे होते. तेथे नकार मिळाला. लंडनच्या स्लेड कलाशाळेनेही त्यांना प्रवेश नाकारला. पुढे विमाने रंगविणाऱ्या या इंग्रज चित्रकाराला १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने केनियात नेले. तेथील अधिकाऱ्यांना मात्र विमानांपेक्षा वन्यप्राण्यांचे चित्र हवे होते! त्यांनी गेंडा रंगविला. मोबदला अवघा २५ पौंड.

त्याच सुमारास टांगानिकातील एका पाणवठ्याशी, चोरट्या शिकाऱ्यांनी कालविलेल्या विषाने मेलेले २५५ झेब्रे त्यांनी पाहिले. ज्या प्राण्यांच्या चित्रांवर आपण जगतो त्यांचे ऋण फेडलेच पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९७३ मधील ‘टायगर फायर’ या व्याघ्रचित्राच्या मुद्रित प्रतींतून लाखाहून अधिक पौंड उभे राहिले व भारतातील वाघांच्या रक्षणास लागले. १९८४ मध्ये त्यांनी वन्यजीवरक्षणासाठी निधी स्थापन केला. हत्ती मात्र ते २०१७ मधील मृत्यूपूर्वीच्या वर्षांतही रंगवीत राहिले.