संगणकासमोरचे घड्याळ

बुद्धिबळाच्या पटाशेजारी दोन तोंडांचे घड्याळ असते. माणूस आणि संगणक खेळायला बसले की हे घड्याळ कुणाच्या बाजूने असते, हे या पाठात आपण पाहू.

जुलै १९९८ मध्ये इटलीतील इस्किया येथे विश्वनाथन आनंद ‘रेबेल’ या संगणक-प्रणालीशी आठ डाव खेळला. पहिले चार डाव अतिजलद होते. प्रत्येकाला ५ मिनिटे आणि दर खेळीमागे ५ सेकंद जादा. त्यांत रेबेलला ३ गुण, आनंदला १. पुढचे दोन डाव १५-१५ मिनिटांचे. त्यांतही रेबेल दीड, आनंद अर्धा. शेवटचे दोन डाव स्पर्धेच्या नेहमीच्या वेळेचे, म्हणजे दोन तासांत ४० खेळ्यांचे. तिथे मात्र आनंद दीड आणि रेबेल अर्धा! खेळाडू तोच, प्रणालीही तीच. बदलली ती वेळ.

असे का व्हावे? थोडे गणित करू. दोन तासांत ४० खेळ्या म्हणजे एका खेळीला १८० सेकंद. अतिजलद डाव ६० खेळ्या चालला, तर ३०० सेकंद मूळचे आणि ३०० जादा, एकूण ६००. म्हणजे खेळीला १० सेकंद. वेळ १८ पटीने घटली.

आता संगणकाचे पाहा. एका स्थितीत साधारण ३० ते ३५ खेळ्या शक्य असतात. त्या प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची तितकीच उत्तरे. निरुपयोगी फांद्या संगणक छाटतो, तरी आणखी एक चाल पुढचे पाहायला सुमारे सहापट काम पडते असे धरू. दोन चालींना ३६ पट. म्हणजे वेळ १८ पटीने कमी झाली, तरी संगणकाची नजर दोन चालींनीसुद्धा आखूड होत नाही!

माणसाचे तसे नाही. चांगल्या खेळाडूला योग्य खेळी बहुधा पाहताक्षणी सुचते. वेळ लागतो तो ती पडताळायला. आपला घोडा फुकट तर जात नाही ना, हे तपासणेच घाईत राहून जाते. ऑगस्ट १९९४ मध्ये लंडनला २५ मिनिटांच्या सामन्यात खुद्द गॅरी कास्पारोव ‘चेस जीनियस’कडून हरला होता.

अर्थात भरपूर वेळ म्हणजे विजय नव्हे. मे १९९७ मध्ये सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या ‘डीप ब्लू’ने कास्पारोवला संथ डावांतच साडेतीन-अडीच असे हरवले. २००६ मध्ये बॉन येथे तर व्लादिमीर क्रामनिकला, तोही जगज्जेता, संथ डावात एका खेळीतली मात दिसली नाही. आणि आज साध्या मोबाइलवरची चांगली प्रणाली कितीही वेळ दिला तरी जगज्जेत्याला भारी पडते. तेव्हा ‘संगणकाला हरवले’ असे घरी कुणी सांगितले, तर कोणत्या पातळीवर, हे पालकांनी जरूर विचारावे!

पालक विचारतात, मुलांनी संगणकाशी झटपट डाव खेळावेत का? गंमत म्हणून खेळावेत. पण शिकण्यासाठी आम्ही निदान अर्ध्या तासाचा डाव सुचवू. खेळी लिहिताना शेजारी घड्याळातली उरलेली वेळही लिहा. डाव संपल्यावर पहिली घोडचूक शोधा आणि त्या खेळीला किती सेकंद दिले होते ते मोजा. असे पाच डाव वहीत उतरवून पुढच्या बुद्धिबळ तासाला आणा.